आईचे दोन अंगठे

रविवारी सकाळी सव्वाअकराला प्रार्थना सुटली, आणि वाल्दोमीरो सेर्केइराने चर्चच्या पायऱ्यांवर घडीचं टेबल मांडून सख्ख्या बहिणीच्या तराफ्याविरुद्ध सह्या गोळा करायला सुरुवात केली. बारा वाजायच्या आत बातमी नदीवर पोचली. ती दुधाच्या ट्रकच्या ड्रायव्हरने आणली.

लिंदाउरा तेव्हा इंजिनाच्या होडीत सुकाणूला धरून उभी होती. होडीला बांधलेल्या लोखंडी तराफ्यावर दुधाचा ट्रक, दोन घोडी आणि एक वधू होती. वधू छत्री उघडून ट्रकच्या सावलीत बसली होती, पांढऱ्या झग्याला ग्रीस लागू नये म्हणून खाली गोणपाट अंथरून.

"दोना लिंदाउरा, तुमच्या भावाने पायऱ्यांवर दुकान थाटलंय," ड्रायव्हर ओरडून म्हणाला. "रांग लागलीय. मीही केली सही."

"तू का केलीस?"

"त्याने पेन पुढे केलं."

"अरे, गेल्या आठवड्यात माझ्या कागदावरही केली होतीस ना?"

"केली की. तेव्हा तुम्ही पेन पुढे केलं होतं."

लिंदाउराने वाळूचा उंचवटा चुकवण्यासाठी सुकाणू डावीकडे लोटलं. ती अठ्ठावन्न वर्षांची होती आणि आजोबांपासून घरात चालत आलेला तराफ्याचा हा उतार तिच्या नावावर होता. नगरपरिषदेने दिलेला परवाना महिनाअखेर संपत होता. सोमवारी संध्याकाळच्या सभेत तो पुढे कोणाला द्यायचा ते ठरणार होतं. नदीच्या वरच्या अंगाच्या एका कंपनीने अर्ज केला होता. कंपनीकडे मोठी बोट होती, प्रकाशझोत होते आणि वकील होता. लिंदाउराकडे लोकांच्या सह्यांचा कागद होता.

"कसला कागद आहे त्याचा?" तिने विचारलं. "नगरपरिषदेला आहे की न्यायाधीशाला?"

"कागद होता बुवा. वर बरंच लिहिलं होतं."

यापुढे त्याच्याकडून काही मिळण्यासारखं नव्हतं. तिला मात्र कागद कोणापुढचा, नेमकं तेवढंच हवं होतं. पोर्तु दास गार्सासमध्ये अबाइशु-असिनादु म्हणजे रोजची गोष्ट होती. 'आम्ही खाली सही करणारे' अशी सुरुवात करायची, काय हवं ते मागायचं आणि खाली गावाच्या सह्या घ्यायच्या. रस्त्यावरचा दिवा, पाद्रीबाबांची बदली थांबवणं, बँडच्या चौथऱ्याला छप्पर, सगळं असंच मागितलं गेलं होतं. त्यात टोपी हातात घेऊन उभं राहिल्यासारखं असायचं, आणि तसं उभं राहण्याची कोणाला लाज वाटत नसे. पेतिसांव वेगळी. ती वकील लिहायचा, न्यायाधीशापुढे ठेवायचा, आणि तिच्या माथ्यावर दोन नावं असायची, एक मागणाऱ्याचं आणि एक ज्याच्याविरुद्ध मागितलं त्याचं. कुंपणाच्या एका पेतिसांवपायी गावातली दोन चुलत घरं वीस वर्षं एका टेबलाला बसली नव्हती. एका घरात मयत झाली तेव्हा दुसऱ्या घराने रेडिओ बंद केला नव्हता.

तराफा काठाला लागला. वधू उतरली. लिंदाउराने इंजिन हाताखालच्या मुलाच्या स्वाधीन केलं, हात घासलेटने पुसले आणि आईकडे जेवायला निघाली.

*

आईच्या, दोना एर्सीलियाच्या, स्वयंपाकघरात भेंडी घातलेली कोंबडी शिजत होती. धाकटी इरासी मक्याचं पीठ लाकडी पळीने घोटत होती. वाल्दोमीरोची बायको नेउझा टेबलावर ताटं मांडत होती आणि लिंदाउराकडे बघायचं टाळत होती. नेउझा पलीकडच्या काठची. लग्न होऊन आली तेव्हा याच तराफ्यावरून आली होती.

वाल्दोमीरो सर्वांत शेवटी आला. काखेत पुठ्ठ्याची फाइल.

"आई, आशीर्वाद दे."

"देव भलं करो. ते काखेतलं बाहेर ठेव. इथे जेवण आहे."

त्याने फाइल फ्रिजवर ठेवली. टोपी तिच्यावर ठेवली. बहिणीकडे बघून मान हलवली आणि खुर्ची ओढली.

दोना एर्सीलियाचा नियम होता, पहिलं ताट वाढून होईपर्यंत नदीचा विषय काढायचा नाही. नवरा होता तेव्हापासूनचा. लिंदाउराने तो आयुष्यात पहिल्यांदा मोडला.

"वाल्दो, एकच विचारते. त्या कागदाच्या माथ्यावर माझं नाव आहे का?"

"तुझं? कशाला असेल?"

"समोरच्या बाजूला. न्यायाधीशापुढे."

इरासीची पळी थांबली. वाल्दोमीरोच्या मानेवरून लाली चढत कानांपर्यंत गेली.

"पेतिसांव? ताई, मी तुझ्यावर पेतिसांव घालीन?"

"घालणारे पाहिलेत मी."

"ते वेगळे. मी तुझा भाऊ आहे. तुझ्याशी भांडायचं तर मी इथे भांडीन, आईच्या टेबलावर. वकिलाला पैसे देऊन कशाला?"

"कागद अबाइशु-असिनादुच आहे," इरासी पाठमोरीच म्हणाली. "मला माहीत आहे. मीच टाइप केलाय."

लिंदाउरा वळली. "तू? अगं, माझाही तूच केलास!"

"मग? गावात दुसरा टाइपरायटर कोणाकडे आहे? तू मंगळवारी आलीस, हा शुक्रवारी आला. तू आलीस तेव्हा त्याला सांगितलं नाही, तो आला तेव्हा तुला सांगितलं नाही. नोंदणी कार्यालयात अठरा वर्षं काढलीत मी, तोंड बंद ठेवायची सवय आहे. दोन्हींची सुरुवात एकच आहे, 'आम्ही खाली सही करणारे, या गावचे रहिवासी, अत्यंत आदरपूर्वक.' तेवढं मला झोपेतही येतं. पुढचं तुम्ही दोघं आपापलं बोललात, मी बटणं दाबली."

लिंदाउरा खुर्चीत बसली. परवाना जाईल न जाईल. पण न्यायालयाच्या लाकडी बाकावर या पोराच्या समोरच्या बाजूला बसायचं नव्हतं. याला तिने पोहायला शिकवलं होतं, कंबरेला दोरी बांधून.

"वाढ," ती म्हणाली. "भूक लागली."

"आत्ता तर तोंड पाडून बसली होतीस," आई म्हणाली, आणि तिला तंगडी वाढली.

*

अर्थात भांडण संपलं नव्हतं. ते आता नीट सुरू झालं.

"मागितलंस काय?" लिंदाउराने विचारलं.

"रात्रीचा तराफा."

"सूर्य मावळला की तराफा बांधायचा. बाबांचा नियम आहे. वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते, अंधारात दिसत नाही."

"बाबांनी नियम केला तेव्हा पलीकडे चार घरं होती," नेउझा म्हणाली. ती या घरात सहसा बोलत नसे, म्हणून सगळ्यांनी माना वळवल्या. "आता शाळा आहे, दोन गिरण्या आहेत. वन्सं, मार्चमध्ये माझी बहीण काठावर जीपमध्ये बाळंत झाली. समोर दवाखान्याचा दिवा दिसत होता. तराफा बोलवायला आम्ही झाडाला टांगलेला लोखंडी रूळ बडवत होतो."

"मला ऐकू आलं नाही, नेउझा."

"माहीत आहे. वारा उलटा होता. मी तुमच्यावर रागावले नाही. पण मला पुन्हा तिथे उभं राहायचं नाही."

लिंदाउरा हाड चोखत राहिली. ते बाळ तिने पाहिलं होतं, गुटगुटीत होतं. बारशाला तराफा फुकट नेला होता आणि त्यावर हिशोब मिटला असं समजून चालली होती.

"आणि कंपनीला रात्रीचीच बोट चालवायचीय," ती भावाला म्हणाली. "तू रात्र मागायची आणि त्यांनी ती माझ्या नरडीवर पाय ठेवून द्यायची. तुला दिसलं नाही हे?"

"मी कंपनीचं नावही घेतलेलं नाही."

"नाव नाही घेतलं," इरासी म्हणाली. "पण 'रात्री चालवण्यास जो समर्थ असेल त्यास परवाना द्यावा' असं तूच सांगितलंस. मी दोनदा विचारलं, असंच लिहू का म्हणून."

"हो मग? ताई समर्थ नाही? तिच्यासारखी नदी ओळखणारं दुसरं कोण आहे? मला वाटलं, कागद वाचून ती चिडेल आणि रात्री चालवायला लागेल."

"चिडून?"

"तू प्रेमाने काय केलंयस आजवर?"

आई हसली. तिचं हसू दातांअभावी शिट्टीसारखं निघायचं.

"तू हसू नकोस," लिंदाउरा म्हणाली. "गाव तुझ्याकडे बघून सही करतं. माझ्या कागदावर पहिला अंगठा तुझा आहे."

"माझ्याही," वाल्दोमीरो म्हणाला.

दोघांनी आईकडे पाहिलं. दोना एर्सीलियाने शांतपणे पावाच्या तुकड्याने रस्सा पुसला.

"तू मागितलास, दिला. त्याने मागितला, त्यालाही दिला. एकाला उजवा, एकाला डावा. तक्रार नको म्हणून."

"आई, दोन्ही एकमेकांच्या उलट आहेत!"

"मला कुठे वाचता येतं? तुम्ही दोघं माझीच आहात, एवढं वाचता येतं. आणि कोणी दारात पेन घेऊन आलं तर त्याला रिकाम्या हाताने परत पाठवायची रीत या घरात नाही."

"मीही दोन्हींवर केली," नेउझा हळूच म्हणाली. "तुमच्या तराफ्यावरची जेराल्दा तुमचा कागद घेऊन आली होती, आणि हा तर नवराच."

"सासू अशी, सून अशी," लिंदाउरा म्हणाली. "आता आणखी कोण उरलं?"

वाल्दोमीरो ताटातली भेंडी एका बाजूला गोळा करत होता. हे तो लहानपणापासून करायचा, चोरी पकडली गेली की.

"वाल्दो."

"गेल्या बुधवारी जेराल्दा माझ्या दुकानातही आली होती. गिऱ्हाईकं उभी होती. तिने पेन पुढे केलं."

"म्हणून न वाचता केलीस?"

"वाचला. 'तराफा सेर्केइरांकडेच राहावा' असं लिहिलं होतं." त्याने मान वर केली. "त्याला काय नाही म्हणू?"

मग लिंदाउराला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. इरासीही हसली, नेउझाने तोंडाला पदर लावावा तसा रुमाल लावला, आणि वाल्दोमीरो "हसण्यासारखं काय आहे त्यात" म्हणत म्हणत स्वतःच डोळे पुसू लागला. आई कॉफी गाळायला उठली.

*

कॉफी कपात पडल्यावर इरासीने पळी धुऊन ठेवली आणि म्हणाली, "आता माझं ऐका. हसणं झालं असेल तर."

तिचं म्हणणं थोडक्यात असं. नगरपरिषदेचा सचिव नावं ताडून बघतो. दोन उलट मागण्यांखाली तीच माणसं दिसली की तो दोन्ही कागद खणात टाकणार, आणि त्याला कोणी दोष देऊ शकणार नाही. मग सभेपुढे एकच अर्ज उरेल.

"कंपनीचा," लिंदाउरा म्हणाली.

"वकिलाच्या सहीचा. त्यांना गावाची सहीच नकोय."

स्वयंपाकघरात कॉफीचा वास होता आणि कोणी कप उचलत नव्हतं.

"मग दोन्हींचा एक करू," वाल्दोमीरो म्हणाला. "तराफा ताईकडे आणि रात्रही. वरचा मजकूर कापून टाक, नवा चिकटव, खाली सह्या आहेतच."

"नाही."

"का? माणसं तीच."

"माणसांनी ज्याच्या खाली सही केली तो मजकूर वर असला पाहिजे. प्रत्येक पानावर. तो बदलला की खाली नुसती नावं उरतात, मागणं उरत नाही. हे मी करणार नाही. तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी नाही."

"लोक वाचत कुठे सही करतात!"

"ते त्यांचं. मी लिहिते ते माझं."

इरासी घरात सगळ्यात कमी बोलायची, आणि नाही म्हणाली की ते नाहीच असायचं.

"नवा कागद टाइप करते मी, आत्ता. उद्या संध्याकाळपर्यंत तुम्ही सगळ्या सह्या पुन्हा आणायच्या. पण त्याआधी ताईने सांगायला हवं. रात्र लिहू की नको?"

सगळे लिंदाउराकडे बघत होते. नेउझा सोडून. ती कपाच्या कानाशी बोटाने खेळत होती. लिंदाउराला वाटलं, हिने आग्रह केला असता तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

"आजाऱ्यांसाठी आणि बाळंतिणींसाठी," ती अखेर म्हणाली. "नाच बघून परत येणाऱ्यांसाठी नाही. आणि नगरपरिषदेने खोल पाण्याच्या वाटेच्या दोन्ही अंगांना खांब रोवून द्यायचे, चकाकता रंग लावलेले. लिहिलंस?"

"लिहिते."

"आणि पुढे कंदील घेऊन एकजण उभा राहील. वाल्दो."

"मी? मला दुकान आहे!"

"रात्री बंद असतं."

"कबूल कर," आई म्हणाली. "समर्थ कोण ते कळू दे गावाला."

इरासीने टाइपरायटर आणला. पहिली ओळ तिने न बघता बडवली. दोना एर्सीलियाने दोन्ही अंगठे शाईत बुडवले, आणि ते एकाच कागदावर शेजारी शेजारी उठवले. इरासी म्हणाली एक पुरे, पण तोवर झालं होतं.

*

सोमवारी सेर्केइरांनी गाव वाटून घेतलं. लिंदाउराने तराफ्यावर सह्या घेतल्या, वाल्दोमीरोने दुकानात, नेउझाने बाजारपेठेत. वाल्दोमीरो सुरुवातीला प्रत्येकाला सगळा प्रकार समजावून सांगत होता. दुपारनंतर त्याने ते सोडलं. म्हातारा न्हावी वस्तरा बाजूला ठेवून म्हणाला, "या वेळी कोणाच्या बाजूने?"

"दोघांच्या."

"बरं झालं. माझा हात दुखायला लागला होता."

सभा सातला सुरू झाली. बाकं भरली होती. कंपनीचा वकील पहिल्या रांगेत, सेर्केइरा मंडळी खिडकीशी. आई नव्या बुटांत. सचिवाने मागणं वाचलं आणि नावं वाचायला घेतली. तिसऱ्या पानाच्या मध्यावर तो अडखळला. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि नगरपरिषदेच्या अध्यक्षांचं नाव वाचलं.

अध्यक्षांचं औषधाचं दुकान होतं. दुपारी नेउझा तिथे आईची रक्तदाबाची गोळी आणायला गेली होती. कागद हातात होता, पेनही होतं. मागणं ज्यांच्यापुढे ठेवायचं त्यांनीच खाली सही केली होती, ठळक, दुहेरी रेघ मारून.

सभागृह हसलं. अध्यक्षही हसले, पण कोणी बघत नसताना घाम पुसला. वकील उभा राहिला. ज्याच्याकडे मागायचं तोच मागणाऱ्यांत असेल, तर उत्तर कोण देणार, असा त्याचा आक्षेप होता. सचिवाने इरासीकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. नोंदणी कार्यालयाच्या अठरा वर्षांत असं झालं नव्हतं.

शेवटी विषय कायदेशीर सल्लागाराकडे पाठवण्यात आला, आणि सल्ला येईपर्यंत जुना परवाना चालू राहील अशी नोंद झाली. बाहेर आल्यावर वाल्दोमीरो नेउझाला म्हणाला, "तुला दुसरं कोणी मिळालं नाही?" नेउझा म्हणाली, "मी नुसतं पेन पुढे केलं." आईने विचारलं, जिंकलो का. लिंदाउरा म्हणाली, "हरलो नाही, आई." तेवढ्यावर म्हातारी झोपायला गेली.

सल्लागार जिल्ह्याच्या गावाहून दर गुरुवारी येतो. त्या गुरुवारी तो आला नाही. शुक्रवारी दुपारी नगरपरिषदेचा ट्रक घाटावर आला, आठ खांब उतरवून ठेवले आणि पावती न घेता परत गेला. खांबांना चकाकता रंग होता. ते सेर्केइरांसाठी आहेत की कंपनीसाठी, ड्रायव्हरला सांगता आलं नाही.

वाल्दोमीरो दुकान टाकून बघायला आला. त्याने एका खांबावर हात फिरवला.

"विचारून येऊ का, कोणाचे आहेत?"

"नको," लिंदाउरा म्हणाली. "फावडं आण."

संध्याकाळपर्यंत दोन खांब पाण्यात उभे राहिले होते. सल्लागाराचा अभिप्राय अजून आलेला नाही.